'मला काही आजार नाही' : रुग्णकथित पूर्वेतिहासाची अचूकता – एक विवेचनात्मक अभ्यास

सारांश :

वैद्यकीय उपचार, आरोग्य सर्वेक्षणे व शासकीय आरोग्य नियोजन या तिन्ही क्षेत्रांत रुग्णाने स्वतःविषयी सांगितलेली माहिती हा एक मूलभूत आधार मानला जातो. ही माहिती कितपत अचूक असते, कोणत्या आजारांबाबत ती विश्वासार्ह ठरते आणि कोठे ती अपुरी पडते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. रुग्णाच्या कथनातील चूक ही केवळ स्मरणशक्तीची चूक नसून निदानाची उपलब्धता, भाषा, दारिद्र्य, लिंगभाव व प्रश्न विचारण्याची पद्धत यांतून ती घडत असते. तसेच ही चूक समाजातील सर्व गटांत सारखी विभागलेली नसते, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : पूर्वेतिहास, स्वकथित आजार, स्मरणदोष, आरोग्य सर्वेक्षण, संवेदनशीलता.

प्रस्तावना :

रुग्णाला प्रश्न विचारून त्याच्या आजाराचा शोध घेण्याची पद्धत आपल्याकडे प्राचीन आहे. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदय' या ग्रंथात रोगीपरीक्षणाची दर्शन, स्पर्शन व प्रश्न अशी तीन साधने सांगितली आहेत. आधुनिक वैद्यकातही प्रश्नाचे स्थान कमी झालेले नाही. १९७५ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' या नियतकालिकात हॅम्प्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी बाह्यरुग्ण विभागातील ८० नव्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी ६६ रुग्णांबाबत डॉक्टरांचे पत्र वाचून व रुग्णाची हकीकत ऐकून केलेले निदानच अखेरीस कायम राहिले. शारीरिक तपासणीमुळे निदान बदलले असे रुग्ण ७ होते आणि प्रयोगशाळेतील चाचण्यांमुळे बदलले असेही ७ च होते. याचा अर्थ असा की, यंत्रे कितीही आली तरी निदानाचा पाया रुग्णाच्या शब्दांवरच उभा आहे.

मग हे शब्द किती खरे असतात? या प्रश्नाकडे प्रस्तुत लेखिकेचे लक्ष वेधले गेले ते एका घरगुती प्रसंगाने. सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांनी विचारले, "आजी, बीपी-शुगर काही आहे का?" त्यांनी शांतपणे उत्तर दिले, "नाही बाबा, मला काही आजार नाही." तपासणीत रक्तदाब बराच वाढलेला आढळला व शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागली. घरी आल्यावर त्यांच्या पत्र्याच्या डब्यात रक्तदाबाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटे सापडली. नऊ वर्षे त्या गोळी घेत होत्या आणि दोन महिन्यांपूर्वी त्यांनी ती आपणहून थांबवली होती. विचारले असता त्या म्हणाल्या, "गोळी होती तोवर बीपी होतं. आता गोळी नाही, म्हणजे बीपीही नाही." त्या खोटे बोलल्या नव्हत्या. 'आजार' या शब्दाचा त्यांचा अर्थ आणि डॉक्टरांचा अर्थ भिन्न होता, एवढेच. हा फरक समजून घेणे हा या लेखाचा विषय आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) रुग्णकथित पूर्वेतिहासाची अचूकता कशी मोजली जाते हे स्पष्ट करणे.
२) या कथनात चुका का होतात याची कारणमीमांसा करणे.
३) या चुकांचा आरोग्य सर्वेक्षणांवर व धोरणावर होणारा परिणाम अभ्यासणे.
४) अचूकता वाढविण्याचे व्यवहार्य उपाय सुचविणे.

अभ्यास पद्धती :

प्रस्तुत लेख वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीने लिहिला असून तो प्रामुख्याने द्वितीयक स्रोतांवर, म्हणजे प्रकाशित संशोधने व शासकीय सर्वेक्षणांवर आधारित आहे.

अचूकता मोजण्याची रीत :

रुग्णाचे सांगणे खरे की खोटे हे ठरविण्यासाठी ते कशाशी तरी ताडून पाहावे लागते. सामान्यतः रुग्णालयातील नोंदी किंवा प्रत्यक्ष तपासणी हा निकष धरला जातो. त्यातून दोन मापे मिळतात. ज्यांना खरोखर आजार आहे त्यांपैकी किती जणांनी 'आहे' असे सांगितले, या प्रमाणास 'संवेदनशीलता' म्हणतात. ज्यांना आजार नाही त्यांपैकी किती जणांनी 'नाही' असे सांगितले, या प्रमाणास 'विशिष्टता' म्हणतात. याखेरीज 'कप्पा' हा एक गुणक वापरला जातो. दोन माहितींमध्ये केवळ योगायोगाने जेवढा मेळ बसला असता तो वजा करून उरलेला मेळ हा गुणक दाखवितो. तो शून्य असल्यास मेळ निव्वळ योगायोगाचा आणि एक असल्यास मेळ संपूर्ण, असे मानतात.

अमेरिकेतील ओल्मस्टेड परगण्यात ४५ वर्षे व त्यावरील २,०३७ रहिवाशांचा असा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकाराचा झटका व पक्षाघात या चार आजारांबाबत रुग्णांचे सांगणे आणि वैद्यकीय नोंदी यांतील कप्पा गुणक ०.७१ ते ०.८० इतका, म्हणजे चांगला आढळला. 'हार्ट फेल्युअर', म्हणजे हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची क्षमता घटणे, या विकाराबाबत मात्र तो ०.४६ इतकाच होता. पाचही आजारांबाबत विशिष्टता ९० टक्क्यांहून अधिक होती, परंतु मधुमेहाबाबत संवेदनशीलता केवळ ६६ टक्के होती. नोंदीत मधुमेह असलेल्या दर तीन व्यक्तींपैकी जवळपास एकीने तो सांगितलाच नाही. अधिक शिक्षण झालेल्या, वयाने तुलनेने लहान व इतर आजार नसलेल्या व्यक्तींचे सांगणे नोंदींशी अधिक जुळले, हाही त्या अभ्यासाचा महत्त्वाचा निष्कर्ष होय.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, रुग्ण 'आहे' म्हणतो तेव्हा ते बहुधा खरे असते. 'नाही' म्हणतो तेव्हा अधिक सावध राहावे लागते. दुसरी, ज्या आजाराला ठळक नाव आहे, ज्याची तारीख लक्षात राहते व ज्यासाठी दवाखान्यात राहावे लागते तो आजार नीट सांगितला जातो. हळूहळू बळावणारा, नाव नसलेला किंवा ज्याचे नाव डॉक्टरांनी रुग्णाला सांगितलेच नाही असा आजार कथनातून निसटतो. अमेरिकेतील परिचारिकांच्या दीर्घकालीन अभ्यासात स्तनाच्या कर्करोगासारख्या आजारांचे स्वकथन ९० टक्क्यांहून अधिक प्रमाणात खरे ठरले होते. परिचारिकांना वैद्यकीय परिभाषा अवगत असते, हे त्यामागील एक कारण उघड आहे. तोच निकष आपल्याकडील अल्पशिक्षित रुग्णाला लावता येणार नाही.

चुकांची कारणमीमांसा :

१) निदानच न होणे : जो आजार कधी तपासलाच गेला नाही तो रुग्ण सांगणार तरी कसा? २०१५-१६ च्या चौथ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभर रक्तदाबाचे प्रत्यक्ष मापन झाले. त्या माहितीच्या आधारे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार १५ ते ४९ वयोगटातील उच्च रक्तदाब असलेल्या व्यक्तींपैकी केवळ ४४.७ टक्के व्यक्तींना आपल्या निदानाची माहिती होती. म्हणजे नुसते विचारून सर्वेक्षण केले असते तर निम्म्याहून अधिक रुग्ण 'निरोगी' ठरले असते. येथे रुग्णाची स्मरणशक्ती दोषी नाही. त्याच्यापर्यंत न पोहोचलेली आरोग्यसेवा दोषी आहे.

२) स्मरणदोष : काळ जसा लोटतो तशी किरकोळ दुखणी विस्मरणात जातात आणि मोठ्या घटना प्रत्यक्षापेक्षा अलीकडे घडल्यासारख्या वाटतात. म्हणूनच राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या आरोग्यविषयक ७५ व्या फेरीत (२०१७-१८) साध्या आजारांसाठी मागील १५ दिवसांचा व रुग्णालयात दाखल होण्यासाठी मागील ३६५ दिवसांचा कालावधी विचारण्यात आला. दिल्लीतील कुटुंबांवर झालेल्या एका अभ्यासात (२०१२ मध्ये प्रसिद्ध) काहींना आठवड्याची तर काहींना महिन्याची माहिती विचारली गेली. महिन्याची आठवण विचारल्यास आजारांचे प्रमाण बरेच कमी नोंदले गेले आणि ही घट श्रीमंतांपेक्षा गरिबांत अधिक होती. ज्याच्या घरी आजारपण हे रोजचेच, त्याला त्यातील एखादे वेगळे आठवत नाही, असा याचा अर्थ लावता येतो.

३) भाषा व अर्थ : मराठी रुग्णाच्या तोंडचे शब्द आणि वैद्यकीय संज्ञा यांत मोठे अंतर आहे. 'पित्त' हा एकच शब्द छातीतील जळजळ, उलटी, डोकेदुखी यांसाठी वापरतात आणि अंगावर उठणाऱ्या गांधींसाठीही वापरतात. 'दम लागतो' हे लक्षण व 'दमा' हा आजार यांची गल्लत नित्याची आहे. दम लागण्याचे मूळ हृदयात असेल, तर या गल्लतीची किंमत मोठी असते. 'औषध उष्ण पडले' या सांगण्यामागे तोंड येण्यापासून पुरळ उठण्यापर्यंत काहीही असू शकते. 'पिशवी काढली' असे सांगणारी स्त्री आपली शस्त्रक्रिया अचूक सांगते, परंतु ती कशासाठी झाली व बीजकोशही काढले काय, हे तिला अनेकदा ठाऊक नसते, कारण तिला कोणी ते समजावून सांगितलेले नसते.

हाच प्रश्न औषधांच्या वावड्याबाबत जगभर दिसतो. अमेरिकेत सुमारे १० टक्के रुग्ण आपल्याला पेनिसिलिनची ॲलर्जी असल्याचे सांगतात. प्रत्यक्ष चाचणीत त्यांपैकी बहुसंख्य रुग्णांना ते औषध सुरक्षितपणे देता येते असे आढळते. लहानपणी उठलेले पुरळ किंवा झालेली उलटी आयुष्यभर 'ॲलर्जी' म्हणून सांगितली जाते आणि रुग्णाला अधिक महाग किंवा कमी उपयुक्त प्रतिजैविक मिळते. तथापि, रुग्णाने सांगितलेली ॲलर्जी चाचणीवाचून नाकारणे हेही धोक्याचेच आहे, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

४) संकोच व मौन : या संदर्भात महाराष्ट्रातील एका अभ्यासाला जागतिक महत्त्व आहे. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी सहकाऱ्यांसह गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. हा अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या स्त्रियांपैकी ५५ टक्के स्त्रियांनी स्त्रीरोगविषयक तक्रारी सांगितल्या व ४५ टक्के स्त्रियांना काही त्रास नव्हता. प्रत्यक्ष तपासणीत मात्र ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक विकार असल्याचे आढळले व दर स्त्रीमागे विकारांची सरासरी ३.६ इतकी होती. यापूर्वी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. सांगितलेला आजार व असलेला आजार यांतील दरी किती रुंद असू शकते याचे यापेक्षा बोलके उदाहरण क्वचितच मिळेल. काही विकार लक्षणांविना असतात हे खरे. पण 'बाईच्या जातीला हे असायचेच' ही समजूतही लक्षणाला तक्रार होऊ देत नाही. आपल्या भाषेत 'दुखणे अंगावर काढणे' असा वाक्प्रचार आहे. अंगावर काढलेले दुखणे कोणत्याही तक्त्यात येत नाही. क्षयरोग, मानसिक आजार, एचआयव्ही व मद्यपान यांबाबत कलंकाची भीती हेच काम करते.

५) विचारणाऱ्याचा वाटा : कथनाची अचूकता ऐकणाऱ्यावरही अवलंबून असते. १९५१ मध्ये आर्ची कॉक्रेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी कोळसा खाणकामगारांबाबत दाखवून दिले की, एकाच खाणवस्तीतील कामगारांना निरनिराळ्या डॉक्टरांनी प्रश्न विचारले असता खोकला, दम यांसारख्या लक्षणांची प्रमाणे लक्षणीयरीत्या भिन्न येतात. १९८४ मध्ये बेकमन व फ्रँकेल या अमेरिकी संशोधकांना ७४ भेटींच्या अभ्यासात असे आढळले की, डॉक्टर सरासरी १८ सेकंदांतच रुग्णाचे बोलणे तोडतात व केवळ २३ टक्के भेटींत रुग्णाला आपले पहिले म्हणणे पूर्ण करता आले. आपल्याकडील शासकीय रुग्णालयांतील केस पेपरची रांग पाहता डॉक्टरांना एकट्याने दोष देणे अन्यायाचे होईल. परंतु न ऐकलेली हकीकत ही चुकीच्या हकीकतीइतकीच निरुपयोगी असते, हे मान्य करावे लागेल.

नोंदी तरी अचूक असतात काय? :

रुग्णाचे सांगणे ज्या नोंदींशी ताडतात त्याही मानवनिर्मितच असतात. घाईत लिहिलेला केस पेपर, हरवलेले डिस्चार्ज कार्ड, न वाचता येणारे अक्षर यांमुळे नोंदींतही उणिवा राहतात. मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या, घरचा काढा, वैदूचे औषध यांची नोंद कोठेच नसते. ती केवळ रुग्णाच्या तोंडीच मिळते. वेदना, थकवा, झोप, भूक यांबाबत तर रुग्णाव्यतिरिक्त दुसरा साक्षीदारच नाही. म्हणून नोंद म्हणजे सत्य व कथन म्हणजे भ्रम अशी विभागणी शास्त्रीय ठरत नाही. दोन्ही साधने परस्परपूरक आहेत.

धोरणात्मक परिणाम :

वैयक्तिक उपचारातील चूक एका रुग्णाला भोवते, परंतु सर्वेक्षणातील चूक संपूर्ण समाजगटाला भोवते. अमर्त्य सेन यांनी २००२ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधील लेखात ही विसंगती मांडली. केरळमध्ये आयुर्मान अधिक असूनही तेथील लोक आजारी असल्याचे अधिक प्रमाणात सांगतात. बिहारमध्ये आयुर्मान कमी असूनही आजाराचे स्वकथन कमी आहे. अमेरिकेत तर ते केरळपेक्षाही अधिक आहे. शिक्षण व आरोग्यसेवा जेथे अधिक, तेथे आजार ओळखण्याची व सांगण्याची क्षमताही अधिक, हे त्याचे स्पष्टीकरण होय.

सेन यांनीच आपल्या लेखनातून पुढे आणलेले आणखी एक उदाहरण विचार करायला लावणारे आहे. बंगालच्या भीषण दुष्काळानंतर १९४४ मध्ये अखिल भारतीय आरोग्यविज्ञान व सार्वजनिक आरोग्य संस्थेने कलकत्त्याजवळील सिंगूर येथे पाहणी केली. त्या पाहणीत ४८.५ टक्के विधुरांनी आपण आजारी किंवा साधारण प्रकृतीचे असल्याचे सांगितले. विधवांमध्ये हे प्रमाण केवळ २.५ टक्के होते. त्या काळातील विधवांची सामाजिक स्थिती विचारात घेता त्या विधुरांहून सुदृढ होत्या असे मानण्यास आधार नाही. ज्यांना आपल्या प्रकृतीची विचारपूस होण्याचीच सवय नाही, त्यांचे उत्तर 'बरे आहे' असेच येते.

येथेच या विषयातील खरा धोका दडलेला आहे. निधी, दवाखाने व औषधे यांचे वाटप केवळ सांगितलेल्या आजारांच्या आकड्यांवर केले, तर जे अधिक बोलतात त्यांना अधिक मिळेल आणि जे सोसतात त्यांना कमी मिळेल. त्यामुळे स्वकथनाला प्रत्यक्ष मापनाची जोड देणाऱ्या सर्वेक्षणांचे महत्त्व मोठे आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने २००८ ते २०२० या काळात १,१३,०४३ व्यक्तींचा अभ्यास झाला. त्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष प्रौढांतील मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के व उच्च रक्तदाबाचे प्रमाण ३५.५ टक्के असल्याचे दर्शवितात. हे आकडे नुसत्या विचारपुशीतून कधीच हाती आले नसते.

उपाययोजना :

१) प्रश्नांचे स्वरूप बदलणे : 'काही आजार आहे का?' या प्रश्नाचे उत्तर बहुधा 'नाही' असेच येते. त्याऐवजी 'रोज कोणती गोळी घेता? पूर्वी घेत होता व बंद केली अशी कोणती?', 'कधी दवाखान्यात राहिलात का?', 'अंगावर टाक्यांची खूण आहे का?' असे ठोस प्रश्न विचारावेत.

२) औषधांची पिशवी : दवाखान्यात जाताना घरातील सर्व औषधे, रिकामी पाकिटे व काढ्याच्या बाटल्यांसह एका पिशवीत घालून न्यावीत. नाव आठवत नसले तरी पाकीट बोलते.

३) ॲलर्जीचा तपशील : केवळ 'ॲलर्जी आहे' असे न लिहिता कोणत्या औषधाने, केव्हा व नेमके काय झाले हे लिहून ठेवावे.

४) निदान रुग्णाच्या भाषेत सांगणे : आजाराचे नाव, तो कायमचा आहे की तात्पुरता आणि गोळी बंद केल्यास काय होईल, हे मराठीत व शक्य तेथे बोलीत सांगून कागदावर लिहून द्यावे. गोळी म्हणजे आजाराचा लगाम, आजाराचा अंत नव्हे, हे कोणी समजावून सांगितले असते तर सासूबाईंचे उत्तर वेगळे आले असते.

५) नोंदींचे सातत्य : २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनअंतर्गत १४ अंकी 'आभा' क्रमांकाद्वारे रुग्णाच्या संमतीने त्याच्या नोंदी एकत्र पाहण्याची सोय करण्यात आली आहे. मात्र मोबाइल न वापरणाऱ्या वृद्धांसाठी कागदी आरोग्यकार्डाची जोड कायम ठेवावी लागेल.

६) महाविद्यालयांचा सहभाग : राष्ट्रीय सेवा योजनेच्या निवासी शिबिरांत विद्यार्थ्यांनी कुटुंबांच्या संमतीने घरातील ज्येष्ठांचे आजार, शस्त्रक्रिया, औषधे व ॲलर्जी यांचे एकपानी कार्ड तयार करून ते त्या कुटुंबाकडेच ठेवल्यास अल्प खर्चात मोठे काम होऊ शकेल.

निष्कर्ष :

१) ठळक, निश्चित निदान झालेल्या आजारांबाबत रुग्णकथन बऱ्याच अंशी विश्वासार्ह असते, मंदगती, लक्षणविरहित व कलंकित आजारांबाबत ते अपुरे असते.
२) रुग्णाचे 'आहे' हे 'नाही'पेक्षा अधिक विश्वसनीय असते.
३) चुकीचे मूळ रुग्णात जेवढे असते तेवढेच आरोग्यव्यवस्थेत, भाषेत व प्रश्नकर्त्यात असते.
४) गरीब, अल्पशिक्षित व स्त्रिया यांचे आजार कथनातून अधिक निसटतात, त्यामुळे केवळ स्वकथनावर आधारलेले नियोजन विषमता वाढविण्याची शक्यता असते.

समारोप :

रुग्णाचे सांगणे अपुरे असते म्हणून ते बाजूला सारावे, असा या विवेचनाचा अर्थ नाही. उलट ते अपुरे का राहते हे जाणून ते पूर्ण करून घेणे, ही डॉक्टर, सर्वेक्षक व कुटुंबीय या सर्वांची संयुक्त जबाबदारी आहे. 'मला काही आजार नाही' हे उत्तर येते तेव्हा त्यामागे चार शक्यता असतात : आजार खरोखर नाही, तो कधी तपासलाच नाही, त्याचे नाव कोणी सांगितले नाही, किंवा तो सांगण्यासारखा आहे असे त्या व्यक्तीला कधी वाटू दिले गेले नाही. यांतील नेमकी कोणती शक्यता खरी, हे आणखी एक प्रश्न विचारल्यावाचून कळत नाही. तो एक प्रश्न विचारण्याइतका वेळ आपल्या घरात व दवाखान्यात उपलब्ध करून देणे, ही आजची गरज होय.